आधी कंबर, मग हात

‘स्विंग’ हा शब्द नागपुरात दोन अर्थांनी चालतो आणि बहुतेक घरांत त्यातला चुकीचा अर्थ आधी येऊन बसलेला असतो. क्रिकेटमध्ये स्विंग होतो तो चेंडू. सॉफ्टबॉलमध्ये स्विंग असतो तो बॅटचा. त्यामुळे सातवीतली मुलगी मैदानावरून घरी येऊन ‘सर म्हणाले, माझा स्विंग खराब आहे’ असं सांगते, तेव्हा वडील पेपरातून डोकं वर काढून ‘आउट की इन?’ असं विचारतात. मुलगी बुटाची नाडी सोडत ‘बॅटचा हो बाबा’ म्हणते. वडील पेपराची घडी करतात. नागपुरी घरात पेपराची घडी झाली की प्रकरण गंभीर समजायचं, आणि मुलीची बॅटिंग सुधारण्याचा कौटुंबिक प्रकल्प त्या क्षणी सुरू झाला असं धरून चालायचं.

सॉफ्टबॉलमध्ये सॉफ्ट काही नसतं, हे आधी सांगितलेलं बरं. चेंडूचा परीघ 12 इंच, म्हणजे साधारण साडेतीस सेंटिमीटर, आणि वजन 178 ते 198 ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू यापुढे लहान आणि हलका: परीघ तेवीस सेंटिमीटरच्या आत, वजन 156 ते 163 ग्रॅम. म्हणजे सॉफ्टबॉल संत्र्याहून चांगलाच मोठा, पोसलेल्या कवठाएवढा, आणि पोटरीवर बसला तर कवठासारखाच. बॅटचा प्रकार मात्र उलट. ती गोल असते, लांबी जास्तीत जास्त 34 इंच आणि जाडी सव्वादोन इंच. चेंडूचा व्यास साडेनऊ सेंटिमीटरच्या वर आणि बॅटचा पावणेसहाच्या आत, असा हा विषम विवाह आहे. क्रिकेटच्या बॅटला सव्वाचार इंच रुंदीची सपाट पाटी मिळते. इथे मात्र लांबलचक लाटण्यानं कवठ मारायचं असतं. गोल वस्तू गोल वस्तूवर आदळत असल्यामुळे बॅट बोटभर वर लागली की चेंडू जमिनीवर घरंगळतो, बोटभर खाली लागली की सरळ आभाळात जातो आणि खाली कोणीतरी हातमोजा उघडून उभी असते.

खेळाचा जन्म शिकागोचा, 1887 चा. फॅरागट बोट क्लबात थँक्सगिव्हिंगच्या सुटीत जमलेल्या मंडळींनी बॉक्सिंगचा हातमोजा दोरीनं बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्यानं तो हाणला. बाहेर थंडी होती म्हणून हा उद्योग छताखाली झाला. नागपुरात मे महिन्यात लोक छताखाली बसतात ते वेगळ्या कारणानं, पण छताखाली बसलेल्या माणसाला काहीतरी हाणावंसं वाटतं हा अनुभव दोन्हीकडे सारखा आहे. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव 1926 मध्ये मिळालं. भारतात हा खेळ 1960 च्या दशकात राजस्थानातल्या जोधपूरकडून पसरला. विदर्भात त्याला शाळांचं अंगण मिळालं, कारण इथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची जुनी परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, नागपुरात हनुमाननगरला ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे, आणि अशा ठिकाणी शिकलेला पीटीचा शिक्षक शाळेत रुजू झाला की पहिल्या वर्षी कवायत घेतो, दुसऱ्या वर्षी कपाटातून कुणी न उघडलेला एखादा किट बाहेर काढतो. त्या किटात बहुधा एक बॅट, तीन हातमोजे आणि दीड चेंडू निघतो.

मुलगी या खेळात का पडते, याची कारणं तिला विचारली तर साधी असतात: मैत्रिणी जातात, हातमोजा छान दिसतो, तासाला बसावं लागत नाही. पालकांची कारणं हळूहळू कळतात. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण या दोन गोष्टी शेजारच्या काकूंनी एकदा सांगितल्या की, आधी ‘उन्हात कशाला जातेस’ म्हणणारं घर ‘पाण्याची बाटली मोठी ने’ म्हणू लागतं. त्यात गैर काही नाही. मात्र गुण मिळायचे तर संघ वरच्या पातळीपर्यंत जावा लागतो, संघ जायचा तर धावा लागतात, आणि धावांच्या आड नेमका तो खराब स्विंग उभा असतो.

पहिला मार्गदर्शक म्हणजे वडील. नागपूरचा पुरुष बॅट फिरवण्याच्या बाबतीत जन्मतः तज्ज्ञ असतो आणि त्याला कारणही आहे. कर्नल सी. के. नायडूंचा जन्म 1895 मध्ये इथलाच. 1926 च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी एमसीसीच्या गोलंदाजांना 11 षटकार मारून 153 धावा केल्या, आणि ते षटकार आपणच मारल्याच्या थाटात शहराच्या पुढच्या सगळ्या पिढ्या बोलत आल्या आहेत. शिवाय 2017-18 आणि 2018-19 असे लागोपाठ दोनदा विदर्भानं रणजी करंडक जिंकल्यावर उरलीसुरली शंकाही गेली. तेव्हा वडील गच्चीवर उभे राहून मुलीला जे शिकवतात ते क्रिकेट असतं: डावा कोपर वर, बॅट सरळ, पुढचा पाय चेंडूच्या रेषेत, डोकं चेंडूवर.

यातलं शेवटचं सोडून सगळं सॉफ्टबॉलला मारक आहे. क्रिकेटचा चेंडू टप्पा पडून येतो, म्हणून बॅट वरून खाली लंबकासारखी उतरते. सॉफ्टबॉलचा चेंडू टप्पाच घेत नाही. तो टाकणारीच्या, म्हणजे पिचरच्या, मांडीजवळून निघतो आणि फुलटॉस येतो, कधी खाली वाकत तर कधी वर चढत. त्याला लंबकासारखी सरळ बॅट लावली तर भेट व्हायची जागा एकच उरते. म्हणून बॅट खांद्यामागून निघून चेंडूच्या वाटेवर आडवी यावी लागते आणि जास्तीत जास्त वेळ त्या वाटेवर राहावी लागते. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याला झाडू म्हणून हिणवतात, आणि जो मारून आउट झालेल्या मुलाला संघातून काढण्याची धमकी मिळते, त्या फटक्याचा हा सुशिक्षित चुलत भाऊ समजावा. पहिली बॅट झाडूचाच दांडा होती, हे इथे ज्याचं त्यानं लक्षात घ्यावं.

सगळ्यांत मोठा घोटाळा चेंडू सोडण्याचा होतो. क्रिकेटमध्ये यष्टीबाहेरचा चेंडू सोडणं हे संयमाचं लक्षण आणि त्याला टाळ्या पडतात. सॉफ्टबॉलमध्ये होम प्लेटच्या वरून, काख आणि गुडघा यांच्या मधून गेलेला चेंडू सोडला तर तो स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक म्हणजे आउट. सामन्यात मुलगी तिसरा चेंडू शांतपणे पाहते, तो छातीसमोरून जातो, आणि सीमारेषेवरून एकच आवाज येतो: ‘वा! छान सोडला!’ मुलगी तेव्हा परत निघालेली असते. उलट, या पट्ट्याबाहेरून गेलेल्या चेंडूला अंपायर ‘बॉल’ म्हणतो, आणि आजी सोबत आली असेल तर तिला हे शेवटपर्यंत पटत नाही. ‘बॉलच तं टाकला तिनं. मंग बॉल बॉल काय करून राहिला हा?’

आता खुद्द स्विंग. पकड आणि उभं राहणं यांवर पुस्तकं पानंच्या पानं घालवतात, पण मुलीच्या बाबतीत ते दोन मिनिटांचं काम आहे. बॅट तळव्यात घट्ट न दाबता बोटांत धरावी. दार ठोठावताना जी पेरं दारावर आपटतात ती दोन्ही हातांची पेरं साधारण एका ओळीत यावीत. पाखरू हातात धरावं तशी पकड असावी. पाय खांद्यांहून किंचित रुंद, गुडघे सैल, भार चवड्यांवर. बस. इथे बिघाड होतो तो बहुधा बॅटमुळे. शाळेच्या किटातली एकुलती बॅट बारावीच्या मुलींच्या मापाची असते, तिच्या मुठीची पट्टी उसवलेली असते आणि तिथे इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळलेली असते. सातवीतल्या मुलीनं ती एका हातात, हात लांब करून, पंचवीस-तीस सेकंद आडवी धरून पाहावी. टोक त्याआधीच जमिनीकडे झुकलं तर बॅट जड आहे. जड बॅट असलेल्या मुलीला ‘जोर लाव’ असं सांगण्यात अर्थ नाही. ती आधीच लावून राहिली असते.

खरा विषय कंबरेचा आहे आणि तो घरात सहसा आजीच्या लक्षात येतो. वडील, काका आणि शेजारचे निवृत्त सज्जन गच्चीच्या कठड्याला टेकून मनगटावर चर्चा करत असतात, तेव्हा वाळवणाजवळ बसलेली आजी म्हणते, ‘पोरीची कंबर तं हलूनच नाही राहिली. नुसते हात हलून राहिले.’ चर्चा थांबत नाही, कारण आजीनं क्रिकेट खेळलेलं नसतं. पण तिनं तुरी झोडपलेल्या असतात, आणि दिवसभर तुरी झोडपायच्या तर काठी हातानं चालत नाही, कंबरेनं चालते, हे तिच्या पाठीला ठाऊक असतं. नेमकं हेच तंत्र सॉफ्टबॉलचे प्रशिक्षक फळ्यावर बाण काढून सांगतात. जोर पायातून निघतो, कंबरेला वळवतो, कंबर खांद्यांना ओढते, खांदे हातांना आणि हात बॅटला. प्रत्येक टप्प्याला पुढचा टप्पा किंचित मागे रेंगाळायला हवा. ओलं लुगडं पिळताना एक टोक वळतं आणि दुसरं धरून ठेवलेलं असतं, म्हणून पीळ बसतो. तसा पीळ धडात बसला की बॅट सुटताना आपसूक वेग घेते. सगळं एकदम वळलं तर पीळ नाही, आणि पीळ नाही तर चेंडू पिचरच्या पायाशी जाऊन थांबतो. सोबत जे छोटंसं पाऊल पुढे टाकायचं, ते वीतभर आणि हळू, झोपलेल्या बाळाच्या खोलीत टाकतात तसं. पाय आपटला की डोकं हलतं, आणि डोकं हललं की इंचभराचा हिशेब गेला.

कंबर वळत नसलेल्या मुलीचे हात ते काम करू पाहतात आणि मग दोष जन्माला येतात. पहिला दोष हात लांबवण्याचा: बॅट सुरुवातीपासूनच शरीराबाहेर मोठा फेरा घेत येते, दार उघडल्यासारखी. फेरा मोठा म्हणजे वेळ जास्त. उपाय सोपा आहे. मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं करावं, बॅटची मूठ पोटाला आणि टोक भिंतीला लागेल एवढं अंतर ठेवावं, आणि स्विंग करायला सांगावं. हात लांबवले की बॅट भिंतीवर खरडते. दोन दिवसांत हात अंगाजवळून यायला शिकतात, आणि भिंतीच्या रंगाबद्दल घरमालक काय म्हणाले हा स्वतंत्र विषय आहे.

दुसरा दोष डोकं उचलण्याचा. चेंडू कुठे गेला हे बघायची मुलीला एवढी घाई असते की तो जायच्या आधीच ती बघते. तिसरा दोष बाहेर पळण्याचा: चेंडू सुटला रे सुटला की पुढचा पाय पिचरकडे न जाता बाजूला जातो, जणू रस्त्यात गाय आडवी आली. याला बाहेरचे लोक दोष म्हणतात, पण दोनशे ग्रॅमची टणक वस्तू अंगावर येत असताना बाजूला होणं हे शहाणपणाचं लक्षण आहे. ‘घाबरून काहून राहिली?’ असं ओरडून ती भीती जात नाही, तर वाढते. हेल्मेट घालावं, आठवडाभर टेनिस बॉलनं खेळावं, मग मोज्यांचा गोळा करून तो मुद्दाम तिच्या दंडावर टाकावा, म्हणजे वळून पाठ कशी द्यायची ते तिला कळतं. चेंडू लागला तरी जगता येतं, हे एकदा अंगाला समजलं की पाय आपोआप जागेवर येतो. मोज्यांचा गोळा घरात, कूलरसमोर, टीव्ही न फोडताही वापरता येतो, ही त्याची आणखी एक थोरवी.

सरावाची वेळ नागपुरात हवामान ठरवतं. नवतपा लागला की सकाळी सात वाजता मैदान मोकळं करावं लागतं; पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी उन्हात ठेवलेली ॲल्युमिनियमची बॅट उचलणं आणि तवा उचलणं यांत फरक राहत नाही. पुढे शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास पाऊस. विदर्भाची काळी माती पाण्यात अशी चिकटते की पहिल्या बेसकडे पळताना मुलगी पुढे जाते आणि बूट मागे राहतो. फक्कीनं आखलेल्या रेषा अर्ध्या तासात वाहून जातात, आणि कुठे उभं राहायचं याचा वाद उरतो. उरलेल्या दिवसांत मैदानावर एका वेळी सात क्रिकेटचे सामने चाललेले असतात. तिथे सॉफ्टबॉलला कोपरा मिळतो, तोही ‘ताई, जरा तिकडं सरकता का, आमची फाइन लेग आहे ही’ असं ऐकून घेतल्यावर.

म्हणून सरावाचा मोठा भाग घरीच होतो, आणि त्यासाठी ‘टी’ लागते. टी म्हणजे चेंडू कमरेच्या उंचीवर ठेवण्याचा खांब. तयार टी महाग पडते, म्हणून ती घरी बनवतात, आणि घरी बनवलेली टी हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग आहे. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, त्यात सिमेंट आणि रेती, मधोमध दीड इंची पीव्हीसी पाइप उभा, आणि पाइपच्या डोक्यावर ट्रकच्या रेडिएटरचा जुना रबरी होज. हा होज फार महत्त्वाचा. त्याच्या तोंडावर चेंडू ठरतो, आणि मुलीनं चेंडू चुकवून पाइपच हाणला तरी रबर वाकून परत उभं राहतं; पीव्हीसी उघडा ठेवला तर पहिल्याच दिवशी दोन तुकडे. पाइप आणि बादलीची सोय इतवारीत अर्ध्या तासात होते. होजसाठी मात्र गॅरेजवाल्याशी ओळख लागते, आणि ओळख काढायला चहा. काम सांगितल्यावर तो ‘कोणत्या गाडीचा पाहिजे?’ असं विचारतो. ‘मुलीला बॅटिंग शिकवायची आहे’ हे उत्तर ऐकून तो एकदा वर बघतो, हात पुसतो आणि चांगला जाडजूड होज फुकट देतो. पैसे घेत नाही. नागपुरात अशा कामाचे पैसे घेत नाहीत. मात्र मुलीचा पहिला होमरन झाला की त्याला सांगायला जावं लागतं.

सिमेंट ओलं असताना पाइप सरळ धरून उभं राहायचं काम धाकट्या भावाकडे येतं. तो एका हातानं पाइप धरतो आणि दुसऱ्या हातात मोबाइल. सकाळी सिमेंट घट्ट होतं आणि पाइप बुटीबोरीच्या दिशेनं झुकलेला सापडतो. बादलीखाली अर्धी वीट सारून ते प्रकरण निस्तरतं, आणि पुढे वर्षानुवर्षं घरात ‘टी’ आणि ‘टीची वीट’ अशा दोन वस्तू राहतात.

टीवर पहिल्या दिवशी आवाज येतो तो ‘भप्प’. म्हणजे बॅट होजवर बसली. दुसरा आवाज ‘टिक’: चेंडूची टोपी उडाली, बाकी चेंडू जागच्या जागी. चौथ्या-पाचव्या दिवशी, आजीच्या म्हणण्याप्रमाणे आधी कंबर वळली तर, एकदा ‘टण्ण’ असा स्वच्छ आवाज येतो आणि पाठीमागे दोरीवर लोंबणारी गोधडी पोटात गुद्दा बसल्यासारखी आत जाते. हा आवाज ऐकून स्वयंपाकघरातली आई बाहेर येते. मुलगी स्वतः सगळ्यांत जास्त दचकलेली असते, कारण तिला हाताला काहीच जाणवलेलं नसतं. नीट लागलेल्या चेंडूची खूण तीच आहे. बॅटच्या चुकीच्या जागी लागलेला चेंडू मात्र कोपरापर्यंत झिणझिण्या आणतो. चेंडू आणि बॅट यांची भेट सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच असते, त्यामुळे त्या भेटीत काही सुधारणा करता येत नाही. जे काय करायचं ते आधी.

पुढे टी सरकवत जावी: आतल्या चेंडूसाठी पुढे, बाहेरच्यासाठी मागे. मग कोणीतरी बाजूला, तिरप्या कोनात, गुडघ्यावर बसून हातानं अलगद चेंडू टाकावा. समोर बसू नये. वडील समोर बसतात, एकदा. सातत्य हवं ते रोजच्या पंचवीस-तीस नीट स्विंगचं. रविवारी दोनशे आणि सोमवार ते शनिवार सुटी, असं केलं की थकलेलं अंग चुकीचा स्विंग पाठ करतं आणि तो विसरायला दुप्पट वेळ जातो. गोधडीला चुकवून गेलेला चेंडू शेजाऱ्यांच्या कूलरच्या ताटीत बसतो. तो काढायला मुलीला पाठवावं, वडिलांनी जाऊ नये. मुलीला तिथे बोरं मिळतात, वडिलांना भाषण.

वेळेचा हिशेब मात्र सगळ्या घरानं एकदा कागदावर करून पाहावा. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर 43 फुटांवरून, म्हणजे 13.11 मीटरवरून टाकते. हात सोडताना ती पुढे आलेली असते, म्हणून चेंडूला मिळतात जेमतेम साडेअकरा मीटर. ताशी 90 किलोमीटरच्या वेगानं तो अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. त्यातला शेवटचा दीड-दोन दशांश सेकंद बॅट फिरण्यात जातो. उरलेल्या वेळात चेंडू आत येतोय की बाहेर, वाकतोय की चढतोय, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं असतं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनी सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरनं अल्बर्ट पुहोल्स या बेसबॉलच्या बलाढ्य फलंदाजाला स्ट्राइक-आउट केलं ते याच कारणानं. त्याच्या ताकदीत काही कमी नव्हतं. वरून येणारा हात बघून अंदाज बांधायची त्याच्या डोळ्यांना सवय होती, आणि इथे चेंडू खालून, जवळून, भलत्याच जागेहून आला. अनुभवी माणसालासुद्धा विचार करायला वेळ उरत नाही.

आणि याच अर्ध्या सेकंदात नागपूरची सीमारेषा मुलीला सल्ला देते. ‘नजर चेंडूवर ठेव’ हे वाक्य सावकाश म्हणायला दीड सेकंद लागतो. म्हणजे ‘नजर’ होईपर्यंत चेंडू कॅचरच्या हातमोज्यात असतो आणि ‘चेंडूवर ठेव’ हे पुढच्या चेंडूला लागू होतं. त्यात वडील ‘कोपर!’ म्हणतात, काका ‘हाणून दे बाप्पा!’ म्हणतात, धाकटा भाऊ मोबाइलवर चित्रण करत ‘ताई, इकडं बघ’ म्हणतो. पाच सूचना ऐकणाऱ्या मुलीचा स्विंग पाच जणांनी मिळून लावलेल्या मांडवासारखा होतो: प्रत्येक कोपरा वेगळ्या माणसाच्या मापाचा. संध्याकाळी ते चित्रण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. तिथे आयुष्यात बॅट न धरलेला पुण्याचा मामेभाऊ ‘फॉलो-थ्रू कमी पडतोय’ एवढंच लिहितो, आणि खरं म्हणजे त्या दिवशीचा तो एकच बरोबर सल्ला असतो. चांगले प्रशिक्षक या सगळ्यावर एक नियम पाळतात: एका आठवड्याला एक गोष्ट. या आठवड्यात कंबर, तर कंबरच. हात चुकले तरी तोंड उघडायचं नाही. सामन्याच्या दिवशी तर एकही नाही. घरातल्या मंडळींना हा नियम पाळणं इतकं जड जातं की काही शिक्षक त्यांना मुद्दाम कामाला लावतात, धावफलक धरा, पाणी आणा, तंबूचा खांब धरून ठेवा. तंबू नसला तरी खांब धरायला लावतात.

शेवटी एक दिवस सामन्यात चेंडू टण्ण लागतो आणि नव्यानं दुसरीच अडचण उभी राहते. मुलगी बॅट घेऊनच पळते. क्रिकेट बघून वाढलेल्या हाताला बॅट सोडणं पाप वाटतं. सॉफ्टबॉलमध्ये बॅट जागेवर टाकून, फेकून नव्हे, मोकळ्या हातानं पळायचं असतं. पहिला बेस 60 फुटांवर, म्हणजे 18.29 मीटर. मोठ्या स्पर्धांत हा पहिला बेस दुहेरी असतो: अर्धा पांढरा, अर्धा रंगीत. पांढरा क्षेत्ररक्षण करणारीचा आणि रंगीत पळणारीचा, म्हणजे दोघी एकमेकींवर आदळू नयेत. हा रंगीत भाग संत्री असतो. नागपूरच्या मुलीनं कोणत्या भागावर पाय द्यायचा हे तरी तिला वेगळं सांगावं लागत नाही, आणि बेस ओलांडून पुढे गेलं तरी चालतं, थांबायला जागा असते.

ज्यांच्या ट्रकचा किंवा मेटाडोरचा रेडिएटर बदलायला आला असेल, त्यांनी जुना होज कबाडीत देऊ नये. तो वीतभर कापून जवळच्या शाळेतल्या पीटीच्या सरांकडे पोचवावा. बादली तिथे असते.